हेवा कॅमेऱ्याचा की रजेचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही राष्ट्रीयीकृत बँकेच्या बारामतीकडच्या एका शाखेत अधिकारी आहात. गेली काही वर्षं भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर येणारे पक्षी आणि वारी, या दोन विषयांवर मन लावून काम करता आहात. हप्त्यांवर २००-६०० मिमीची, लांबचं टिपणारी लेन्स घेतलीत, सलॉनमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, फोटो स्वीकारले जाऊ लागले, एकाला पदक मिळालं, पेपरात नाव छापून आलं आणि तिथून शाखेतली हवा बदलली. "कलाकार माणूस, काउंटरवर कशाला बसेल?" असे टोमणे सुरू झाले. कोणीतरी मॅनेजरसाहेबांचे कान भरले. आता 'हे लग्नाच्या ऑर्डरी घेतात' असं झोनल ऑफिसला कळवणार असल्याची कुजबुज आहे. तुम्ही विचारता आहात, छंद लपवून करू, कमी करू, की नोकरीच सोडून देऊ?

मीही बँकेतूनच निवृत्त झालो. कॅमेरा नोकरीच्या आधीपासून हातात होता, आजही आहे, आणि सलॉनच्या परीक्षणाला बसतो तेव्हा समोर येणारं निम्मं काम तुमच्यासारख्या नोकरदारांचंच असतं. शिक्षक, महावितरणचे अभियंते, रेल्वेतले, कारखान्यातले. या सगळ्यांचं जे पाहिलं त्यावरून सांगतो. तिन्ही पर्याय सोडून द्या. तुमच्या सहकाऱ्यांना खुपतं आहे ते वेगळंच काहीतरी आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

शाखेत किती माणसं आहेत? सहा-सात असतील. त्यात स्ट्राँगरूमच्या चाव्या दोघांकडे. त्या दोघांपैकी एक, म्हणजे जॉइंट कस्टोडियन, तुम्ही असाल तर रजेवर जाताना चावी दुसऱ्या अधिकाऱ्याला द्यावी लागते, रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या होतात, आणि त्या क्षणापासून त्या माणसाचं जगणं बदलतं. सकाळी कॅश उघडायला त्याला वेळेत हजर राहावंच लागतं. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत हलता येत नाही. मुलाची शाळेतली मीटिंग असो, आईला दवाखान्यात न्यायचं असो, तो अडकतो. तुम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीत बसून पट्टकादंबांचा थवा टिपत असता तेव्हा तुमची किल्ली कोणाच्या तरी खिशात असते. तो फोटो सोमवारी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. त्याला त्या फोटोत पक्षी दिसत नाहीत, स्वतःचा गेलेला शुक्रवार दिसतो.

याला आपण हेवा म्हणून मोकळे होतो. खरा हेवाही असतो, तो नाकारत नाही. पण माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ तक्रारींच्या मुळाशी कामाची उसनवारी असते. तुम्ही घेतलेली आणि न फेडलेली.

म्हणून पहिलं काम हे करा. एका वहीत लिहून काढा, गेल्या वर्षभरात तुमच्या रजेच्या दिवशी तुमचं काम कोणी केलं. नावं दोन-तीनच निघतील. टोमणे मारणाऱ्याचं नाव त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. मग त्या माणसाला कोणते दिवस हवे असतात ते आठवा. कोणाला गणपतीत गावी जायचं असतं, कोणाच्या मुलीची परीक्षा असते. ते दिवस तुम्ही आपण होऊन घ्या. "२८ तारखेला मी थांबतो, तुम्ही निघा," एवढं पुरतं. त्यावेळी फोटोचा विषय काढायचा नाही, आभाराची अपेक्षा ठेवायची नाही. मार्चएंडला, सहामाही क्लोजिंगला आणि तपासणी चालू असताना तुम्ही सगळ्यात शेवटी घरी जाणारे असलं पाहिजे. छंद जोपासणाऱ्या माणसाला कामात हात राखून चालत नाही. इतरांची एक चूक सहज खपते, तुमच्या चुकीचं खापर मात्र लगेच कॅमेऱ्यावर फुटतं. ते अन्यायाचं आहे, पण आहे.

आता वारीचं. तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती तुम्ही ओझरती लिहिली आहे. तुकोबांची पालखी बारामती-काटेवाडीला असते त्या दोन दिवसांची तुम्ही रजा घेतलीत, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्याच दिवसाची रजा नाकारली गेली. त्यांना दर्शनाला जायचं होतं.

यावर थोडा वेळ थांबा. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बघताना अंगावर काटा येतो आणि फोटोग्राफरला तो दिवस सोडवत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण त्या भागातल्या माणसाला तो दिवस वर्षातला सण असतो. त्या बाईंच्या घरी वारकरी जेवायला असतील. त्यांच्या मनात बसलं ते हे की, 'मला माझ्या विठोबासाठी रजा नाही, आणि यांना फोटो काढायला रजा मिळाली.' या गोष्टीला उत्तर नाही. तुमचं पदक ज्या फोटोला मिळालं तो वारीचाच असेल तर जखम आणखी खोल गेली असणार.

यंदा असं करा. पालखीचं वेळापत्रक जाहीर होतं तेव्हाच त्यांना विचारा, "ताई, तुम्हाला कोणता दिवस हवाय?" त्यांना काटेवाडीचा दिवस द्या आणि तुम्ही पुढे बेलवाडीला जा. तिथलं गोल रिंगण फोटोच्या दृष्टीने तसूभरही कमी नाही, उलट अश्व धावतात तेव्हा जागा मोकळी मिळते. तोही दिवस जमला नाही तर इंदापूरचं रिंगण आहे. पालखी बहुतेक गावांत एकच दिवस असते, पण रस्ता लांब आहे. आणि काटेवाडीच्या मागच्या वर्षीच्या तुमच्या फोटोंतला एक चांगला प्रिंट, आठ बाय बाराचा, त्यांना देवघराजवळ लावायला द्या. माफी मागण्यासाठी म्हणून देऊ नका, त्यांना आवडेल म्हणून द्या. माणसाला यातला फरक कळतो.

वेळेच्या गणिताकडे येतो. तुम्ही लिहिलंय की हिवाळ्यात कामाच्या दिवशीही सकाळी भिगवणला जाऊन परस्पर शाखेत येता. हे बंद करा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर. होडी निघून खरा प्रकाश मिळेपर्यंत साडेसात होतात. साडेआठला निघायचं ठरवता, तेवढ्यात ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा घेऊन उठतो, आणि नऊ वाजतात. मग ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून बारामतीपर्यंत यायचं. तुम्ही दहाला पाच कमी असताना धापा टाकत पोचता, बुटाला उजनीचा चिखल असतो. वेळेत पोचलात तरी बघणाऱ्याला तुम्ही उशिरा आल्यासारखेच दिसता. मे महिन्यात हिशेब उलटा असतो. सहाच्या आत उजाडतं, आठला प्रकाश कडक होतो, म्हणजे घरी येऊन अंघोळ-नाश्ता करून आरामात शाखा गाठता येते. आणि नेमकं त्याच सुमारास पाणी उतरून गाळ उघडा पडलेला असतो, रोहित पक्षी उथळ पाण्यात उतरलेले असतात. कामाच्या दिवसांच्या सकाळी उन्हाळ्यात वापरा, हिवाळ्यात फक्त सुट्टीला जा. संध्याकाळी याच्या उलट. डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो, म्हणून शाखा सुटल्यावर काही उरत नाही. जूनमध्ये सात वाजून गेले तरी उजेड असतो.

बँकवाल्यांना एक गोष्ट हक्काची मिळालेली आहे. सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा आहे. म्हणजे महिन्यातून दोन वेळा सलग दोन दिवस, कोणाचीही मिनतवारी न करता. त्यातला एक जोड कॅमेऱ्याला, एक घराला. घरच्यांचा विषय तुम्ही काढलेला नाही, मीही लांबवत नाही, पण जो माणूस दोन्ही जोड स्वतःसाठी घेतो त्याचं भांडण लवकरच ऑफिसातून स्वयंपाकघरात येतं.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, तेही आगाऊ कल्पना न देता, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. गैरव्यवहार उघडकीला यावेत हा त्यामागचा हेतू. ही रजा तुम्ही मागितलेली नसते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोट दाखवू शकत नाही. कधी येईल ते माहीत नसतं म्हणून बॅग, कार्डं, बॅटऱ्या आणि दोन-तीन ठिकाणांचा आराखडा कायम तयार ठेवा. ताडोब्यासारख्या ठिकाणी आयत्या वेळी सफारी मिळणं कठीण, शिवाय पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतो. पण सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारे आहेत. कडबनवाडीची माळरानं इंदापूर तालुक्यात. दहा दिवस एकाच माळावर जाऊन बसलात तर जे हाती लागेल ते चार रविवारांत लागणार नाही.

यावरून विषयाच्या निवडीबद्दल सांगावंसं वाटतं. नोकरी सांभाळून ज्यांनी मोठं काम उभं केलं त्यांचे विषय बहुधा पायाशी होते. अमेरिकेतल्या बफेलो शहरातले मिल्टन रोगोविन हे डोळे तपासून चष्मे देणारे ऑप्टोमेट्रिस्ट. दवाखान्याजवळच लोअर वेस्ट साइड नावाची गरिबांची वस्ती होती. १९७२ पासून त्यांनी तिथल्या माणसांचे फोटो काढले, आणि पुढच्या दशकांत पुन्हा पुन्हा जाऊन त्याच माणसांना, त्याच कुटुंबांना टिपलं. त्यांचं नाव झालं ते बहुतांशी याच कामामुळे. तुमच्या आजूबाजूला काय कमी आहे? ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, पहाटे चारला बैलगाड्या जुंपल्या जातात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, रस्त्याने चालू लागतात. माझं स्पष्ट मत आहे, भिगवणच्या होडीतून रोहितांचा फोटो काढणारे आज शेकड्यांनी आहेत आणि परीक्षक म्हणून मला ते फोटो एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. तुमच्या शाखेपासून दहा मिनिटांवर पडलेल्या कोप्यांवर पाच हंगाम काम केलंत तर ते फक्त तुमचं असेल, आणि त्याला रजाही लागणार नाही. एक पथ्य पाळा. त्या लोकांपैकी कोणाचं तुमच्या शाखेत खातं असेल तर बँकेचे साहेब म्हणून त्यांच्यासमोर कॅमेरा धरू नका. नाही म्हणण्याची मोकळीक त्यांना राहिली पाहिजे.

आता तक्रारीच्या धमकीबद्दल. घाबरायचं कारण नाही, पण कागद चोख हवेत. तुमच्या बँकेची अधिकारी वर्तणूक नियमावली काढून खाजगी व्यवसायाबद्दलचं कलम वाचा. सरकारी सेवेतही तत्त्व तेच आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १५ आहे, राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम आहेत. अधूनमधून केलेलं साहित्यिक वा कलाविषयक काम, नोकरीच्या कर्तव्यात बाधा येत नसेल तर, चालतं. धंदा चालत नाही, आणि मोबदला घ्यायचा तर परवानगी लागते. सलॉनला फोटो पाठवणं, प्रदर्शन भरवणं यात सहसा अडचण येत नाही. लग्नाची ऑर्डर घेणं हा सरळ धंदा आहे. मित्राच्या बहिणीचं लग्न 'फक्त खर्चापुरते पैसे घेऊन' केलं तरी तो धंदाच ठरू शकतो. तुम्ही म्हणता एकही घेतली नाही, तर मग प्रश्नच नाही, आणि यापुढेही घेऊ नका.

निनावी पत्राचं म्हणाल तर केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत, निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करायची नाही. पण कोणी सही करून लिहिलं तर तुमच्याकडे उत्तर तयार पाहिजे. त्यासाठी आत्ताच एक साधं पत्र मॅनेजरमार्फत वर पाठवा. छायाचित्रण हा माझा छंद आहे, अमुक स्पर्धांत भाग घेतो, कोणतीही व्यावसायिक कामं घेत नाही, बक्षिसाची रक्कम किंवा प्रिंट विक्रीचा प्रश्न आला तर पूर्वपरवानगी घेईन. पोच घ्या, प्रत घरी ठेवा. लेन्स दीड-दोन लाखांची आहे, तेव्हा तुमच्या नियमावलीतली जंगम मालमत्तेची मर्यादा बघा आणि लेन्स मालमत्तेच्या विवरणपत्रात दाखवली आहे ना याची खात्री करा. कर्जाचे हप्ते पगाराच्या खात्यातून जातात हे चांगलंच आहे, पैसा कुठून आला ते तिथेच दिसतं. फोटोंपासून चार पैसे मिळाले तर ते आयकर विवरणपत्रात दाखवायचे, रक्कम किरकोळ असली तरी.

काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. कॅमेऱ्याचं कार्ड किंवा पेनड्राइव्ह बँकेच्या संगणकाला लावायचा नाही. त्यात सुरक्षेचा भंग होतो आणि तिथे कोणीही तुमची बाजू घेणार नाही. आजारपणाची रजा टाकून कॅमेरा उचलायचा नाही. फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ नोंदलेली असते, आणि सलॉनच्या कॅटलॉगमधला फोटो कोण कधी उघडून बघेल सांगता येत नाही. कामाच्या वेळेत काही पोस्ट करायचं नाही. तुम्ही रात्रीच तयार करून सकाळी साडेअकराची वेळ लावून ठेवली असेल, पण बघणाऱ्याला साडेअकराच दिसतात. रात्री नऊनंतर टाका. ऑफिसच्या ग्रुपवर तर प्रत्येक स्वीकृती टाकूच नका. सलॉनचं शुल्क भरून चार फोटो पाठवले आणि त्यातला एक स्वीकारला गेला याचा आनंद आपल्या फोटोग्राफर मित्रांना कळतो. शाखेतल्या माणसाला ती रोजची फुशारकी वाटते. पदकाची बातमी त्यांना पेपरातून कळू दे.

शाखेत मात्र कॅमेरा पूर्ण झाकून ठेवू नका. लपवण्याने संशय वाढतो. निरोप समारंभ आणि वर्धापनदिन, एवढे दोन प्रसंग आपले मानायचे आणि जीव ओतून करायचे. झोनल मॅनेजरांची भेट, कर्जमेळावा, रांगोळी स्पर्धा, या सगळ्याला "तुम्ही आहातच" म्हणून बोलावलं तर पहिल्याच वेळी हसून सांगा की आज काउंटर माझ्याकडे आहे. एकदा फुकटचा फोटोग्राफर झालात की तुमचं कामही जातं आणि मानही. निरोपाचा फोटो कसा काढावा तेही सांगतो. हार घालतानाचा काढायचाच, पण त्याआधी दुपारी त्या माणसाला त्याच्या जागेवर बसवा. कागदपत्रं सांभाळणारे दप्तरी असतील तर व्हाउचरच्या गठ्ठ्यांपाशी, गार्ड असतील तर दारातल्या त्यांच्या स्टुलावर. खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, फ्लॅश नको. घरची मंडळी आली की त्यांनाही तिथेच उभं करा. आठवड्याच्या आत मोठा प्रिंट फ्रेम करून घरी पोचवा. शाखेतल्या चौथ्या-पाचव्या माणसाच्या घरी असा फोटो लागला की तुमच्या छंदाची बाजू तुम्हाला मांडावी लागत नाही.

बँकेच्या गृहपत्रिकेला फोटो द्यायला हरकत नाही, सोबत नाव छापण्याची विनंती करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक काढणाराच असतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर मात्र वेगळा करार नसल्यास नोकरी देणाऱ्याचा हक्क येतो, आणि मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोवर सांगणाऱ्याचा. तुमचे पक्षी तुम्ही सुट्टीत, स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेत. ते तुमचेच आहेत.

हे सगळं करूनही एखादा माणूस उरेल, ज्याला तुमचं चाललेलं बघवत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला जिंकायच्या मागेही लागू नका. नमस्कार-चमत्कार ठेवा, त्याच्या टेबलावरची फाइल वेळेत द्या, आणि त्याच्यासमोर फोटोचा विषय काढू नका. अधिकाऱ्यांच्या दर तीन-चार वर्षांनी बदल्या होतात. त्याची होईल, नाही तर तुमची.

नोकरी सोडण्याबद्दल. लेन्सचे हप्ते चालू असताना, वारी आणि पक्षी यांच्या फोटोंवर घर चालेल या आशेवर बँक सोडू नका. ज्या दिवशी तुम्हाला पोटासाठी फोटो काढावे लागतील त्या दिवशी लग्नं, बारशी आणि मोबाइलच्या दुकानांची उद्घाटनं करावी लागतील. ते काम कमी प्रतीचं नाही, मन लावून करणारे उत्तम फोटोग्राफर मी पाहिले आहेत. पण तुमचा ओढा तिकडे नाही, हे पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं. पगार तुम्हाला एका कोपीसमोर तीन तास काहीही न टिपता बसण्याची मुभा देतो. ही मुभा व्यावसायिकाला क्वचित मिळते.

सोमवारी मॅनेजरसाहेबांना ते पत्र द्या. देताना दोन मिनिटं बसून बोला. यंदा वारीच्या दिवसांत शाखेत कोण कधी थांबणार याचं वेळापत्रक तुम्हीच करून न्या, त्यात तुमचं नाव पहिल्या दिवशी कामावर दाखवा. बेलवाडीचा दिवस मिळाला तर होकाराच्या खाली तुमच्या जागी थांबणाऱ्याचीही सही घ्या आणि त्याला हवा असलेला दिवस तिथेच लिहून टाका.